उकल न झालेला बलात्कार आणि पहिल्या दिवसाची नोंद

2008 साली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या लिनवूड शहरात 18 वर्षांच्या एका मुलीने फिर्याद दिली. पहाटे घरात घुसलेल्या अनोळखी माणसाने चाकूच्या धाकाने बलात्कार केला, फोटोही काढले. तिच्या जबाबांतले तपशील एकमेकांशी जुळेनात. तिचं वागणं ओळखीच्या काहींना खटकलं. तपास अधिकाऱ्यांनी उलटसुलट प्रश्नांचा असा काही धोशा लावला की तिने फिर्याद मागे घेतली, आणि मग तिच्यावरच खोटी तक्रार केल्याचा खटला भरला गेला. 2011 मध्ये कोलोरॅडोत एक माणूस पकडला गेला. त्याच्याकडच्या फोटोंमध्ये ही मुलगीही होती. मधल्या काळात त्याने आणखी स्त्रियांवर बलात्कार केले होते.

उकल न झालेला गुन्हा निदान कागदावर जिवंत असतो. 'खोटा' असा शेरा मारलेला गुन्हा मात्र कुणी शोधायलाच जात नाही. कोलोरॅडोतल्या केसेस जुळल्या त्याही योगायोगाने. तपास करणाऱ्या महिला अधिकाऱ्याने घरी नवऱ्याला प्रकरण सांगितलं. तो शेजारच्या शहरात पोलिस होता, आणि अगदी तशीच केस आपल्या खात्यात असल्याचं त्याच्या लक्षात आलं. तपास अशा योगायोगावर सोडता येत नाही. म्हणूनच कॅनडात 'विक्लास' ही यंत्रणा त्याआधीच उभी राहिली होती. गुन्हेगार कसा आला, काय बोलला, काय घेऊन गेला, अशा शंभराहून अधिक प्रश्नांची उत्तरं तपास अधिकारी त्यात भरतो आणि विश्लेषक वेगवेगळ्या ठिकाणचे गुन्हे ताडून पाहतात. पण जबाब नीट लिहिलाच नसेल, तर ताडून पाहायला काय उरतं?

जबाब विस्कळीत का येतो, याला शरीरशास्त्रात उत्तर आहे. टोकाच्या भीतीत शरीर जागच्या जागी थिजतं. हात उचलत नाही, आवाज फुटत नाही. स्टॉकहोममध्ये बलात्कारानंतर तातडीच्या उपचारांसाठी आलेल्या 298 स्त्रियांचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या 70 टक्के स्त्रियांनी असं लक्षणीय थिजणं अनुभवलं होतं. 'प्रतिकार का केला नाहीस?' हा प्रश्न म्हणूनच अन्यायकारक तर आहेच, शिवाय अशास्त्रीयही आहे. आठवणींचंही तसंच. एखादा वास, एखादं वाक्य लख्ख आठवतं, पण आधी काय आणि नंतर काय हा क्रम तुटतो. क्रम चुकला म्हणजे बाई खोटं बोलते, असं मानणारा अधिकारी स्वतःच्या हाताने पुरावा घालवत असतो.

शरीरावरून घेतलेल्या नमुन्याची गोष्ट मला फार विलक्षण वाटते. स्वॅबवर, म्हणजे नमुना टिपणाऱ्या कापसाच्या काडीवर, पीडितेच्या स्वतःच्या पेशी भरपूर असतात, गुन्हेगाराच्या मोजक्या. दोघांचा डीएनए एकत्र आला तर गुन्हेगाराचा हरवून जातो. 1985 मध्ये ब्रिटनमध्ये पीटर गिल, अ‍ॅलेक जेफ्रीज आणि डेव्हिड वेरेट यांनी यावर मार्ग दाखवला. आधी साबणासारखं रसायन आणि प्रथिनं पचवणारं विकर (एन्झाइम) वापरायचं. त्याने साध्या पेशी फुटतात, पण शुक्रपेशींची डोकी टिकतात, कारण त्यांतली प्रथिनं गंधकाच्या बंधांनी घट्ट बांधलेली असतात. स्त्रीचा डीएनए असलेला द्रव बाजूला काढायचा, उरलेला गाळ धुवायचा आणि मग गंधकाचे बंध तोडणारं रसायन घालायचं. आता बाहेर येतो तो मुख्यतः पुरुषाचा डीएनए. शुक्रपेशी नसतील तर फक्त पुरुषांत असणाऱ्या वाय गुणसूत्रावरच्या खुणा शोधतात.

पण हे सगळं नमुना टिकला तर. ओला स्वॅब किंवा कपडा प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केला की बुरशी आणि जिवाणू डीएनए खाऊन टाकतात. वाळवून कागदी पाकिटात ठेवला, सील करून थंड, कोरड्या जागी सांभाळला, तर दशकांनंतरही त्यातून ओळख पटू शकते. घेण्याची वेळ मात्र थांबत नाही. योनिमार्गातले नमुने शक्यतो 72 तासांच्या आत घ्यावे लागतात. काही वेळा आठवडाभरानेही काही हाती लागतं, पण शक्यता दर दिवसाला घटत जाते. गुंगीचं औषध दिल्याचा संशय असेल तर लघवीचा पहिला नमुना काही तासांत लागतो, कारण काही औषधं अर्ध्या दिवसात शरीरातून नाहीशी होतात.

आणि नीट घेतलेला नमुनाही कुणी तपासलाच नाही तर? 2009 मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराच्या पोलिसांच्या गोदामात अशा न तपासलेल्या नमुन्यांच्या 11 हजारांहून अधिक पेट्या सापडल्या. प्रत्येक पेटीमागे एक बाई होती, जिने हल्ल्यानंतर काही तासांतच कित्येक तासांची तपासणी सहन केली होती. पेट्या उघडून डीएनए गुन्हेगारांच्या डीएनएच्या राष्ट्रीय साठ्याशी ताडला, तेव्हा एकाच पुरुषाने अनेक स्त्रियांवर हल्ले केल्याची शेकडो प्रकरणं समोर आली. कित्येक हल्ले टळले असते.

मुदतीचा कायदा हीसुद्धा मोठी अडचण. काही ठिकाणी ठरावीक वर्षांनंतर खटलाच भरता येत नाही. 1999 मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातले सरकारी वकील नॉर्मन गान यांनी यावर तोड काढली. त्यांनी अटक वॉरंट नावावर न काढता थेट गुन्हेगाराच्या डीएनएमधल्या खुणांच्या आकड्यांवर काढलं. आरोपी कोण हे माहीत नव्हतं, पण खटला मुदतीत दाखल झाला होता. पुढे नाव सापडलं की ते त्या वॉरंटवर चढवायचं.