सागरी विहारनगरांची प्रसिद्धी

समुद्रकाठच्या गावातील निवासगृहे, खानावळी, दुकाने, करमणुकीची ठिकाणे व प्रेक्षणीय स्थळे यांची माहिती बाहेरच्या लोकांपर्यंत पोचवून त्यांना तेथे येण्यास व मुक्काम करण्यास प्रवृत्त करण्याचा संघटित प्रयत्न. दुकानदाराने आपल्या मालाची केलेली जाहिरात आणि संपूर्ण गावाची प्रसिद्धी यांत भेद केला पाहिजे. मालाच्या जाहिरातीचा लाभ मुख्यतः ती देणाऱ्यास मिळतो, तर गावाची कीर्ती ऐकून आलेला प्रवासी कोणाकडे उतरेल, हे जाहिरातीचा खर्च करणाऱ्याच्या हाती नसते. त्यामुळे खर्च शेजाऱ्याने करावा अशीच प्रत्येकाची अपेक्षा राहते आणि हा भार कोणावर टाकावा, हा प्रश्न या प्रथेच्या प्रत्येक टप्प्यावर उभा राहिलेला दिसतो.

उगम : या प्रथेचा आरंभ कोठून धरावा याविषयी एकमत नाही. एका मतानुसार तो सतराव्या शतकात शोधावा लागतो. इंग्लंडच्या यॉर्कशर किनाऱ्यावरील स्कार्बरो येथे १६२० च्या दशकात खनिज पाण्याचा झरा आढळला व रॉबर्ट विटी या वैद्याने १६६० मध्ये त्याच्या रोगहारक गुणांचा पुरस्कार करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. या पाण्यात नेमकी कोणती द्रव्ये आहेत यावरून १६६९ च्या सुमारास विल्यम सिम्पसन याने विटीशी वाद मांडला. हा वाद रसायनाचा असला, तरी त्यामुळे झऱ्याचे नाव दूरवर गेले असावे. दुसरे मत रिचर्ड रसेल या वैद्याकडे बोट दाखवते. ग्रंथिरोगांवर समुद्राचे पाणी पिण्यास व त्यात स्नान करण्यास सांगणारा त्याचा लॅटिन प्रबंध १७५० मध्ये निघाला व थोड्याच वर्षांत इंग्रजीत आला. पुढे ब्रायटन येथे घर बांधून रसेलने तेथेच रुग्ण तपासले, त्यामुळे सल्ला आणि व्यवसाय यांची सांगड त्याच्या ठायी स्पष्ट दिसते. तथापि मुळात वैद्यांसाठी लॅटिनमध्ये लिहिलेल्या प्रबंधास गावाची जाहिरात म्हणणे काहीसे ओढूनताणून वाटते. तिसरे मत रेल्वेला महत्त्व देते. ब्रायटनला १८४१ मध्ये व ब्लॅकपूलला १८४६ मध्ये लोहमार्ग पोचला आणि समुद्रकाठची सहल कारखान्यातील कामगारांच्याही आवाक्यात येऊ लागली. परंतु रेल्वे कंपन्यांचा हेतू तिकिटे खपवण्याचा होता, गाव त्यांच्या दृष्टीने निमित्त होते. या तिन्ही टप्प्यांत गावाने गाव म्हणून काहीच खर्च केलेला नाही. म्हणून नगरसंस्थेने सार्वजनिक पैशातून केलेल्या प्रसिद्धीपासूनच प्रस्तुत प्रथेचा आरंभ मोजणे अधिक सयुक्तिक ठरते.

ब्लॅकपूलचा कर : लँकशर किनाऱ्यावरील ब्लॅकपूलला १८७९ च्या स्थानिक सुधारणा अधिनियमाने असा अधिकार मिळाला. मालमत्तेच्या करपात्र मूल्यावर पौंडामागे दोन पेनीपर्यंत कर बसवून ती रक्कम नगराच्या जाहिरातीवर व वाद्यवृंदावर खर्च करण्याची मुभा त्यात होती. हे कलम संसदेच्या नजरेतून निसटले असावे, असे स्पष्टीकरण दिले जाते. नंतर इतर नगरांनी असा अधिकार मागितला असता लंडनमधील अधिकाऱ्यांनी दाखवलेली नाखुशी पाहता त्यात तथ्य असावे. या कराचे वैशिष्ट्य असे की जाहिरातीसाठी वर्गणी न देणारा निवासगृहाचा चालकही आपोआप तिचा भागीदार झाला. अर्थात ज्यांचा पाहुण्यांशी काही संबंध नव्हता अशा घरमालकांवरही हा भार पडला. इतर किनारी नगरांना मर्यादित स्वरूपात का होईना, सर्वसाधारण मोकळीक मिळाली ती १९२१ च्या अधिनियमाने. त्यानुसार किनाऱ्यावरील खुर्च्यांचे भाडे, स्नानगृहे इत्यादींच्या नफ्यातून जाहिरातीचा खर्च करता येऊ लागला, म्हणजे भार करदात्यांकडून काही अंशी पाहुण्यांकडे सरकला. फ्रान्समध्ये १९१० पासून आरोग्यस्थळांना पाहुण्यांवर मुक्कामकर बसवण्याची परवानगी होती.

साधने : मार्गदर्शिका व भित्तिपत्रके ही जुनी साधने होत. लिंकनशर किनाऱ्यावरील स्केग्नेससाठी ग्रेट नॉर्दर्न रेल्वेने १९०८ मध्ये काढलेले भित्तिपत्रक विशेष गाजले. जॉन हॅसल याने त्यात वाळूवरून उड्या मारत जाणारा आनंदी कोळी रंगवला होता. तेथील बोचरा वारा हे खरे तर गावाचे उणे, पण सोबतच्या ओळीत त्यालाच स्फूर्तिदायक ठरवले होते. हे चित्र काढण्यापूर्वी हॅसल स्वतः स्केग्नेसला गेलेला नव्हता, असे सांगितले जाते. मूळ जाहिरात रेल्वेची असली, तरी तो कोळी पुढे गावाचेच प्रतीक बनला. चित्रपत्रे ब्रिटनमध्ये १८९४ पासून टपालाने पाठवता येऊ लागली व १९०२ पासून त्यांच्या एकाच बाजूला पत्ता आणि मजकूर लिहिण्याची सोय झाली. या साधनाचा खर्च पाहुणाच करी.

हंगामाचा विस्तार : किनारी नगराचा व्यापार काही आठवड्यांत एकवटलेला असतो, त्यामुळे प्रसिद्धीचा मोठा भाग नवे पाहुणे मिळवण्यापेक्षा हंगाम लांबवण्यासाठी होतो. ब्लॅकपूल येथे १८७९ च्या सप्टेंबरात आठ विजेचे कमानदिवे लावण्यात आले. सध्याच्या दीपोत्सवाचा आरंभ मात्र १९१२ च्या रोषणाईपासून मानणे इष्ट, कारण आधीचा प्रयोग मुख्यतः विजेच्या प्रकाशाचे प्रदर्शन होते. युद्धामुळे १९१४ नंतर खंडित झालेली ही रोषणाई १९२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. अमेरिकेतील अटलांटिक सिटीत १९२१ मध्ये सुरू झालेली सौंदर्यस्पर्धाही सप्टेंबरच्या आरंभी येणाऱ्या कामगारदिनानंतर पाहुण्यांना थांबवून ठेवण्यासाठी होती.

गुणचिन्हे : फ्रान्समध्ये १९८५ मध्ये सुरू होऊन १९८७ पासून युरोपभर पसरलेल्या ‘निळा ध्वज’ योजनेत पाण्याची शुद्धता, सुरक्षितता व किनाऱ्याची व्यवस्था यांचे निकष पाळणाऱ्या किनाऱ्यास ध्वज दिला जातो. नगरांनी तो प्रसिद्धीसाठी उत्साहाने वापरला, परंतु तो एका हंगामापुरताच असतो व मध्येच निकष सुटल्यास उतरवावा लागतो.