ब्लँक आणि डमी: एकात दारू, दुसऱ्यात गोळी

आपण बोलताना अख्ख्या काडतुसाला 'गोळी' म्हणतो आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. खऱ्या काडतुसात चार गोष्टी असतात: पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. चाप ओढला की प्रायमरवर आघात होतो, त्याच्या ठिणगीने दारू पेटते आणि वायूच्या दाबाने गोळी नळीतून सुटते.

सिनेमाच्या चित्रीकरणात खऱ्याऐवजी दोन प्रकारची काडतुसं वापरतात: ब्लँक आणि डमी. ब्लँकमध्ये प्रायमर आणि दारू असते, गोळी नसते. पुंगळीचं तोंड चुण्या पाडून मिटवलेलं असतं किंवा कागदी बोळ्याने बंद केलेलं. पडद्यावर ज्वाळा, आवाज, धूर हवा असेल तर ब्लँक. डमीत गोळी असते, दारू नसते आणि प्रायमरही निकामी असायला हवा. रिव्हॉल्व्हर समोरून जवळून दाखवताना सिलिंडरच्या भोकांत गोळ्यांची टोकं दिसावी लागतात, तेव्हा डमी भरतात.

गोळी नाही म्हणून ब्लँक निरुपद्रवी ठरत नाही. नळीच्या तोंडातून तप्त वायू आणि बोळा जोरात बाहेर पडतात. 1984 साली अमेरिकी अभिनेता जॉन-एरिक हेक्सम याने ब्लँक भरलेलं रिव्हॉल्व्हर कानशिलाला टेकवून चाप ओढला. त्या धक्क्याने कवटीचा तुकडा मेंदूत घुसला आणि काही दिवसांनी तो गेला. (सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलात ब्लँकचा दाब पुढचं काडतूस चढवायला पुरत नाही, म्हणून नळीत अडसर बसवतात. तरी समोर उभं राहायचं नाहीच.)

डमीचा धोका छुपा आहे. 'द क्रो' या सिनेमाच्या चित्रीकरणात खऱ्या काडतुसांतली दारू ओतून, गोळ्या परत बसवून डमी बनवल्या होत्या. प्रायमर मात्र जिवंत राहिले. एक प्रायमर उडाला. तेवढ्या जोराने गोळी नळीत सरकली आणि तिथेच अडकली. पुढे त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये ब्लँक भरलं गेलं. गोळी नळीत, दारू मागे: खऱ्या काडतुसाची जोडी जुळली. 31 मार्च 1993 रोजी सिनेमाचा नायक ब्रँडन ली मारला गेला. नळीतून एकदा उजेड पाहिला असता तर ती गोळी दिसली असती. म्हणून ब्लँक भरण्याआधी, दर वेळी, नळी मोकळी आहे की नाही ते पाहायचंच.

21 ऑक्टोबर 2021 रोजी न्यू मेक्सिकोत 'रस्ट' या सिनेमाच्या सेटवर डमींमध्ये खरं काडतूस मिसळलं होतं; छायाचित्रकार हलिना हचिन्स यांचा जीव गेला. बाहेरून डमी आणि खरं काडतूस जवळजवळ सारखंच दिसतं. म्हणून चांगल्या डमीच्या पुंगळीला कडेने भोक पाडतात किंवा आत छर्रा टाकतात. भोक नसेल तर काडतूस कानाशी हलवायचं आणि छर्रा खुळखुळतो का ते ऐकायचं. हे एकेक करून, कारण मूठभर एकदम हलवली तर एकाच्या खुळखुळाटात दुसऱ्याचं गप्प राहणं लपून जातं. भोकही नाही आणि आवाजही नाही, असं काडतूस खरं धरून बाजूला काढायचं.