उकेरेवे जिल्हा

टांझानियाच्या म्वांझा प्रांतातील द्वीपजिल्हा. व्हिक्टोरिया सरोवराच्या आग्नेय भागात, विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे २ अंशांवर तो वसला आहे. उकेरेवे हे मुख्य बेट सुमारे ५३० चौ. किमी.चे असून आफ्रिकेतील सरोवरांमधल्या बेटांत ते सर्वांत मोठे आहे. नान्सिओ हे जिल्ह्याचे ठाणे.

जिल्ह्याचे क्षेत्रफळ कागदावर सुमारे ६,४०० चौ. किमी. भरते, पण त्यातला नऊ-दशांश भाग पाण्याखाली आहे. जमीन अवघी ६४० चौ. किमी.च्या आसपास. २०१२ च्या जनगणनेत येथे सुमारे ३ लाख ४५ हजार लोक होते. २०२२ मध्ये ते ३ लाख ८८ हजारांच्या घरात गेले. पाणी धरून घनता काढली, तर ती दर चौ. किमी.ला साठच्या आसपास येते आणि वस्ती विरळ वाटते. नुसत्या जमिनीवर मोजली, तर तीच सहाशेवर जाते. इथले जगणे समजून घ्यायचे तर हा दुसरा आकडाच खरा धरावा लागतो.

जमिनीच्या या टंचाईला उत्तरेकडच्या उकारा बेटाने दिलेले उत्तर फार मोलाचे आहे. तेथील माती वालुकामय व हलकी. तरीही पिढ्यान्‌पिढ्या तीच शेते पिकत आली. पारंपरिक पद्धतीत गुरे मोकळी न सोडता घरातच खोल खड्ड्यात बांधत, त्यांना गवत व झाडपाला आणून घालत आणि खाली साठलेले खत वाहून शेतात टाकत. उभ्या बाजरीत क्रोटालेरिया ही शेंगवर्गीय वनस्पती पेरून पुढे ती मातीत गाडत. आपल्याकडचा हिरवळीच्या खताचा ताग याच प्रजातीतला. चाऱ्यासाठी गवताची मुद्दाम लागवड करणारे शेतकरी पूर्व आफ्रिकेत विरळाच. उकाराच्या लोकांनी तेही केले.

केरेवे, जिता आणि कारा हे येथील प्रमुख समाज; स्वाहिली सर्वत्र चालते. कसावा, भात, रताळी ही मुख्य पिके. शेत पुरत नाही तेव्हा माणसे सरोवराकडे वळतात. नाईल पर्च (स्थानिक नाव सांगारा) हा मासा म्वांझाच्या कारखान्यांतून परदेशी जातो. गरिबांच्या ताटात मात्र दागा येतो. अंधाऱ्या रात्री दिव्याच्या उजेडाकडे ही बारीक मासळी ओढून जाळ्यात धरतात व दिवसा वाळूवर पसरून सुकवतात. लहान बेटांवरचे मच्छीमारी तळ मासळीच्या हंगामानुसार भरतात, ओसरतात.

म्वांझाहून नान्सिओला फेरीबोट जाते. पूर्वेकडे रुगेझीहून अरुंद सामुद्रधुनी ओलांडून मुख्यभूमीवरील किसोऱ्याला पोहोचता येते. आतल्या बेटांना मात्र बोटीवाचून गत्यंतर नाही. २० सप्टेंबर २०१८ रोजी उकाराच्या धक्क्याजवळ ‘एमव्ही न्येरेरे’ ही फेरीबोट उलटून दोनशेहून अधिक माणसे बुडाली. तो बाजाराचा दिवस होता आणि बोटीत क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त प्रवासी होते.