वनस्पतीतून औषधी द्रव्य काढताना विद्रावकाची कसोटी
वनस्पतीच्या पानात किंवा सालीत औषधी द्रव्य असते, पण ते एकटे नसते. त्याच पेशींत हरितद्रव्य, मेण, शर्करा, टॅनिन अशी असंख्य संयुगे असतात आणि हवे ते संयुग बहुधा कोरड्या वजनाच्या एक टक्क्याहूनही कमी भरते. त्यामुळे किती अर्क निघाला यापेक्षा नको ते मागे राहिले का आणि हवे ते शाबूत आले का, हे निष्कर्षणात अधिक महत्त्वाचे ठरते.

१९७१ मध्ये चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांना याचाच प्रत्यय आला. हिवतापावरील वनस्पतीच्या अर्काचा गुण कधी येई, कधी येत नसे. पाला थंड पाण्यात भिजवून पिळावा, असे एका प्राचीन चिनी ग्रंथात त्यांच्या वाचनात आले. उष्णतेने गुणकारी घटक नष्ट होत असावा, असा तर्क करून त्यांनी विद्रावक, म्हणजे पदार्थ विरघळवून घेणारा द्रव, म्हणून सुमारे ३५ अंश सेल्सिअसलाच उकळणारे ईथर वापरले आणि त्यातून पुढे आर्टेमिसिनिन हे हिवतापावरील औषध हाती आले. २०१५ च्या नोबेल पारितोषिकामागे विद्रावकाची ही निवडही होती.

प्रयोगशाळांत आजही दिसणारे सॉक्सलेट उपकरण १८७९ चे, आणि तेही मुळात दुधातील स्निग्धांश मोजण्यासाठी बनवलेले. खालच्या चंबूत विद्रावक उकळतो, त्याची वाफ वर थंड होऊन वनस्पतीच्या भुकटीवर ठिबकते आणि पातळी वक्रनळीच्या माथ्याला पोहोचली की सगळा द्रव एकदम खाली ओतला जातो. प्रत्येक फेरीला द्रवाचा रंग फिका होत जातो. युक्ती सुरेख आहे. मात्र निघालेला अर्क तासन्‌तास उकळत राहतो, हा तिचा मोठा दोष.

अतिक्रांतिक कार्बन डायऑक्साइड वापरला की ही अडचण बरीचशी टळते. हा वायू ३१ अंशांच्या वर आणि वातावरणाच्या सुमारे ७३ पट दाबाच्या पुढे नेला, की द्रव व वायू यांच्यामधील सीमारेषा नाहीशी होते. जाड काचेच्या खिडकीतून पाहिल्यास ती अक्षरशः विरून जाताना दिसते. मग तो वायूसारखा भुकटीच्या बारीक छिद्रांत शिरतो आणि द्रवासारखा पदार्थ विरघळवतो. दाब बदलला की त्याची विरघळवण्याची ताकदही बदलते, आणि दाब सोडला की तो उडून जातो व अर्क मागे उरतो. मेण, तेल यांसारखे पदार्थ तो सहज उचलतो. ध्रुवीय, म्हणजे पाण्याशी जवळीक असणाऱ्या संयुगांसाठी मात्र त्यात थोडे इथेनॉल मिसळावे लागते. उच्च दाब पेलणारी यंत्रणा महाग असते, ही गोष्ट वेगळी.

निष्कर्षणाला वेग देणारे आणखी दोन मार्ग आहेत. श्राव्यातीत, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या उच्च कंप्रतेच्या ध्वनीमुळे द्रवात सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि पेशीभित्ती तडकतात. सूक्ष्मलहरी पेशीतले पाणीच तापवतात. दोन्हींमुळे तासांचे काम मिनिटांवर येते, पण पेशी फुटली की नको ती द्रव्येही बाहेर पडतात, त्यामुळे या वेगाचे फार कौतुक करू नये, असे मला वाटते.

अर्क मिळाल्यावर विद्रावक घालवणे उरतेच. औषधांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार साधारणतः हेक्झेन दशलक्ष भागांत २९०, मिथेनॉल ३,०००, तर इथेनॉल ५,००० भागांपर्यंत चालते. इथेनॉलला पसंती मिळते ती यामुळेही. ते ७८ अंशांना उकळते, म्हणून फिरत्या चंबूतील हवा उपसून दाब उतरवतात आणि ते ४० अंशांच्या आसपासच उडवून लावतात.