शेजारी आपल्या रंगाचा नको

‘आफ्रिकन सिक्लिड कुठलेही घ्या, सगळे एकत्र चालतात. फक्त टाकी मोठी हवी.’ शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानांत हा सल्ला सर्रास मिळतो आणि अनेक टाक्यांमध्ये पहिल्या दोन महिन्यांतच फाटलेल्या शेपट्या दिसू लागतात. सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकीत सुमारे साडेसहाशे लिटर पाणी मावतं. हौसेच्या मानाने हे पुष्कळ झालं. पण दगडांमधली एक कपार बळकावून बसलेल्या नराला सहा फूट म्हणजे काहीच नाही. तो एका दमात या काचेपासून त्या काचेपर्यंत पाठलाग करतो. जागा हवीच, पण त्याहून मोठा प्रश्न शेजारी कोण, हा आहे.

सिक्लिड हे कुळ आपल्याला परकं नाही. मासळी बाजारातली चिलापी मूळची आफ्रिकेतली सिक्लिडच, १९५२ मध्ये भारतात आणलेली. गोव्या-कोकणच्या खाड्यांतला काळुंदरही याच कुळातला, पण तो अस्सल इथला. टाकीत ठेवले जाणारे रंगीत आफ्रिकन सिक्लिड मात्र मुख्यतः मलावी, टांगानिका आणि व्हिक्टोरिया या तीन सरोवरांतले. यांपैकी व्हिक्टोरिया साधारण १५ हजार वर्षांपूर्वी आटलं होतं, असं तळाच्या गाळावरून दिसतं. ते पुन्हा भरलं आणि त्यात सिक्लिडच्या शेकडो जाती नांदू लागल्या. इतक्या जाती एकाच पाण्यात कशा टिकतात, याच्या उत्तराचा एक भाग आपल्या टाकीलाही लागू पडतो.

यांतल्या बहुतेक जातींत मादी अंडी तोंडात घेऊन उबवते. नर पिलांसाठी काहीही करत नाही. त्याचं काम एवढंच: जागा धरायची, रंग मिरवायचा आणि मादीला बोलावायचं. अशा नराचा खरा वैरी कोण? ज्याला तीच मादी आणि तीच कपार हवी आहे तो, म्हणजे त्याच्याच जातीचा दुसरा नर. जवळच्या जातींची अंगकाठी सारखीच असते, त्यामुळे ओळख पटते ती रंगावरून. ओले झेहाउझेन आणि डॉल्फ श्लुटर या जीवशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये व्हिक्टोरियातल्या माशांबद्दल हेच मांडलं. जागा धरून बसलेले नर आपल्याच रंगाच्या नरांवर जास्त हल्ले करतात आणि खडकांवर शेजारी-शेजारी बहुधा वेगळ्या रंगाचे नर आढळतात.

आता याचा पुढचा परिणाम पाहा. एका खडकावर शंभर निळे नर आहेत असं समजा. त्यांत एखादा तांबडा उपजला. प्रत्येक निळ्याला नव्याण्णव वैरी आहेत, तांबड्याकडे मात्र फारसं कुणी लक्ष देत नाही. मार कमी बसतो म्हणून त्याला जागा लवकर मिळते आणि त्याची पिलं वाढतात. तांबड्यांची संख्या वाढली की तेच एकमेकांना झोडपू लागतात आणि त्यांची सवलत संपते. म्हणजे जो रंग विरळ, त्याचं पारडं जड, त्यामुळे कुठलाच रंग दुसऱ्याला पूर्णपणे हटवू शकत नाही. एवढ्याने दोन जाती होत नाहीत, त्यासाठी माद्यांची निवडही वेगळी व्हावी लागते. झेहाउझेन आणि व्हान आल्फेन यांनी १९९८ मध्ये तांबड्या आणि निळ्या जातींच्या माद्यांवर प्रयोग केला. पांढऱ्या उजेडात माद्या आपल्या जातीचा नर निवडत. रंगांतला फरकच दिसणार नाही असा एकरंगी उजेड केला, की त्यांची निवड कोलमडली. सरोवराचं पाणी गढूळ होतं तिथेही जातींमधली सीमा अशीच पुसट होते.

म्हणून माशांची यादी करताना आधी रंगांची यादी करावी. मलावीतला इलेक्ट्रिक यलो हा तुलनेने शांत, लिंबासारखा पिवळा मासा. त्याच्यासोबत केन्यी घेणाऱ्याला दुकानात निळी, पट्टेवाली पिलं दिसतात आणि तो निर्धास्त होतो. पण केन्यीच्या माद्या निळ्या राहतात आणि नर मोठे होताना पिवळे होतात. वर ते मलावीतल्या अत्यंत भांडखोर माशांपैकी. गरीब यलोची अवस्था काय होत असेल, ते सांगायला नको. त्यापेक्षा यलोबरोबर गंजासारख्या रंगाचा रस्टी आणि निळ्या-काळ्या पट्ट्यांची एखादीच जात घ्यावी. एका नराबरोबर तीन-चार माद्या ठेवाव्यात, म्हणजे पाठलाग एकाच मादीच्या वाट्याला येत नाही. मलावीतल्याच पीकॉक या सिक्लिडच्या निरनिराळ्या जातींचे नर रंगाने वेगळे ओळखू येतात, पण माद्या सगळ्या राखाडी-तपकिरी. त्या मिसळल्या की संकर होतो, म्हणून मिश्र टाकीत पीकॉकचे फक्त नर ठेवावेत.

दादागिरी करणारा नर काढून टाकला की शांतता होईल, ही आशाही फोल ठरते. टांगानिका भागातल्या बर्टनी जातीत वरचढ नर हलवताच दबून राहिलेला नर काही मिनिटांत रंग बदलून जागेवर हक्क सांगतो. २००५ च्या एका अभ्यासात अवघ्या वीस मिनिटांत त्याच्या मेंदूत एका जनुकाचं काम वाढलेलं आढळलं.

वास्तुशास्त्राच्या नावाखाली ‘अमुक इतके मासे, त्यांत एक काळा’ असा हिशोब सांगणारे बरेच भेटतात. मासा मेला की ‘घरावरचं संकट त्याने घेतलं’ असंही सांगतात. मासा बहुतेक वेळा अमोनियाने, चुकीच्या खाण्याने किंवा शेजाऱ्याच्या माराने मेलेला असतो. एका जिवाच्या हालांना शुभ ठरवण्यात मला काहीही पवित्र दिसत नाही.

खाण्याचंही जुळायला हवं. खडकावरचं शेवाळ खरवडणाऱ्या म्बुना माशांचं आतडं लांब असतं, त्यांना मांसाहारी माशांच्या खाण्यावर वाढवू नये. पाणी अल्कधर्मी लागतं. दख्खनच्या बोअरच्या पाण्याला आपण जड म्हणून नावं ठेवतो, पण या माशांना ते बहुधा मानवतं. शांत मासे आधी सोडावेत, भांडखोर सगळ्यांत शेवटी. नवा मासा आणाल त्या दिवशी दगडांची मांडणी बदलावी, म्हणजे जुन्या नरांच्या हद्दी मोडतात आणि सगळ्यांनाच जागा नव्याने शोधावी लागते.