सबवूफरची फेज (मोटारगाडीतील)

गाडीच्या डिकीतला सबवूफर (फक्त खालचे, बेसचे सूर वाजवणारा स्पीकर) आणि दारांतले स्पीकर यांच्या ध्वनिलहरी ऐकणाऱ्याच्या कानापाशी कितपत जुळून येतात, ते फेजवरून कळते. दोन्हीकडच्या लहरी एकाच वेळी हवा दाबत आल्या तर बेस भरतो. एक दाबत असताना दुसरी ओढत असेल, तर दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात. दोन्ही स्पीकर जिथे एकत्र वाजतात त्या क्रॉसओव्हरच्या आसपास, म्हणजे बहुतेक गाड्यांत ६० ते १०० हर्ट्झमध्ये, हा दोष उघडा पडतो.

खानदेशात लग्नसराईला सजवून घेतलेल्या गाड्यांत हा दोष सहज सापडतो. अहिराणी गाण्यातला ऑक्टोपॅडचा ठोका मागच्या सीटवर छातीत बसतो, ड्रायव्हरला मात्र तोच पोकळ लागतो. मग मालक मोठा अँप (स्पीकरला ताकद पुरवणारा अँप्लिफायर) बसवायला सांगतो. त्याने अगदी खालचा घुमारा तेवढा वाढतो आणि मधली पोकळी आणखीच टोचते. पैसे जातात ते इथे.

आधी वायरिंग पाहावे. अँपपासून वायर सोडवून स्पीकरच्या प्लसला दीड व्होल्टच्या पेन्सिल सेलचे प्लस आणि मायनसला मायनस क्षणभर टेकवले, की पडदा बाहेर यायला हवा. आत गेला तर कुठेतरी जोड उलटा आहे. दोन कॉइलच्या (पडदा हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळ्यांच्या) सबवूफरमध्ये एकच कॉइल उलटी लागली तर दोन्हींचा जोर एकमेकांविरुद्ध जातो आणि पडदा जेमतेम हलतो. सबवूफर जळाला असे समजून तो बदलला जातो, तेव्हा कारण पुष्कळदा हेच असते.

वायरिंग बरोबर असूनही फेज चुकते, कारण अंतर. २० अंश सेल्सिअसला आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, म्हणून ८० हर्ट्झची लहर ४.३ मीटर लांब. डिकीतला सबवूफर ड्रायव्हरच्या कानापासून दारातल्या स्पीकरपेक्षा १.२ मीटर लांब असेल, तर त्याची लहर साडेतीन मिलिसेकंद उशिरा, म्हणजे सुमारे १०० अंश मागे पडते (एक पूर्ण लहर म्हणजे ३६० अंश). त्यात फिल्टरची भर. १२ डेसिबल उताराचे (दर सप्तकाला आवाज तेवढा उतरवणारे) लो-पास (खालचे सूर सबवूफरला देणारा) आणि हाय-पास (वरचे सूर दारांतल्या स्पीकरना देणारा) एकाच फ्रिक्वेन्सीला लावले तर दोघांत १८० अंशांचा फरक पडतो, त्यामुळे अशा जोडणीत सबवूफर मुद्दाम उलटा जोडणे रास्त ठरू शकते. २४ डेसिबलला हा फरक ३६० अंश होतो, म्हणजे उलटवण्याची गरज उरत नाही.

जळगाव-भुसावळच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात आवाजाचा वेग चार-साडेचार टक्क्यांनी वाढतो. एवढ्याशा फरकाने फेज बिघडत नाही. बेस गेला की उन्हाला बोल लावण्यात अर्थ नाही.

सेटिंग ड्रायव्हरच्या सीटवर बसून, काचा लावून करावे. डिकी उघडून मागे उभे राहून केलेल्या सेटिंगचा उपयोग शून्य. क्रॉसओव्हरच्या फ्रिक्वेन्सीचा टेस्ट टोन बेताच्या आवाजात लावावा, गेनला (अँपवरच्या आवाजाच्या पातळीच्या बटणाला) हात न लावता दुसऱ्याला अँपवरचे, सबवूफरची लहर उलटवणारे ०-१८० चे बटण फिरवायला सांगावे आणि ज्या बाजूला आवाज भरीव वाटेल ती ठेवावी. शंभर अंशांचा फरक मात्र या बटणाने पुरता मिटत नाही; ते दोन चुकांतली लहान चूक निवडते. डीएसपी (प्रत्येक स्पीकरचा आवाज वेगळा सेट करणारे डिजिटल यंत्र) असेल तर जवळच्या स्पीकरांना तेवढा उशीर देता येतो, कारण लांबच्या सबवूफरला घाई करायला लावता येत नाही. टेपमीटरने मोजलेले अंतर ही फक्त सुरुवात. नंतर उशीर अर्धा-अर्धा मिलिसेकंद पुढेमागे करत कानाने ठरवावे. सोपी युक्ती अशी: सबवूफर मुद्दाम उलटवून आवाज सर्वांत पडेल असा उशीर शोधावा, मग बटण पुन्हा सरळ करावे. पडलेला आवाज भरलेल्या आवाजापेक्षा कानाला नेमका कळतो.

बटण आणि उशीर दोन्ही फिरवूनही एखादा सूर जागचा हलत नसेल, तर तो दोष बहुधा केबिनच्या आकाराचा किंवा खडखडणाऱ्या पत्र्याचा असतो.