डायलिसिससाठीची कृत्रिम नळी फिस्टुलापेक्षा टिकाऊ असते?

डायलिसिसच्या रुग्णांमध्ये हा समज पक्का आहे: फिस्टुला (शस्त्रक्रियेने थेट धमनीला जोडलेली शीर) ही आपलीच नाजूक शीर, तर ग्राफ्ट (धमनी आणि शीर यांना जोडणारी कृत्रिम नळी) ही कारखान्यात बनलेली मजबूत नळी, म्हणजे ती जास्त टिकणार. खरं तर उलट आहे.

ग्राफ्ट बहुधा ईपीटीएफई या टेफ्लॉनसारख्या प्लास्टिकचा असतो. पदार्थ मजबूत असतो, पण जिथे ग्राफ्ट शिरेला जोडतात तिथे शिरेचं अस्तर हळूहळू जाड होतं, वाट अरुंद होते आणि रक्ताची गुठळी होऊन नळी बंद पडते. जंतुसंसर्गही फिस्टुलापेक्षा जास्त. शिवाय सुईचं छिद्र शिरेसारखं भरून येत नाही. म्हणून दर वेळी सुईची जागा बदलायलाच हवी. सोयीसाठी तिथेच टोचू देऊ नका.

मग ग्राफ्ट वाईट का? अजिबात नाही. शिरा बारीक असतील तर तो फार मोलाचा. फिस्टुला तयार व्हायला साधारण 6 ते 12 आठवडे लागतात, नेहमीचा ग्राफ्ट 2 ते 3 आठवड्यांत वापरता येतो. मानेतल्या कॅथेटरवर (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीवर) महिनोन्महिने राहण्यापेक्षा तो सहसा सुरक्षित.

रोज बोटांनी ग्राफ्टवरची, रक्त वाहताना जाणवणारी थरथर तपासा. ती थांबली तर पुढच्या डायलिसिसची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठा.